आगंतुक जाहिरातींचा बंदोबस्त

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अलिबागेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करता करता मला वीस-बावीस वर्षं झाली. या काळात मशीन बदलली, विंडोज बदलली, पण दुकानात येणाऱ्या माणसाचं एक वाक्य काही बदललं नाही : "व्हायरस शिरलाय हो, फॉरमॅट मारून द्या." मी मशीन सुरू करून बघतो. बऱ्याच वेळा त्यात व्हायरस नसतोच. असतं ते ॲडवेअर. म्हणजे आपल्याला न विचारता, किंवा विचारल्यासारखं करून आत आलेलं, आणि आपल्याला जाहिराती दाखवून स्वतःच्या मालकाला पैसे मिळवून देणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी बहुतेक वेळा फॉरमॅटची गरज नसते. तास-दोन तासांचं काम असतं आणि ते घरच्या घरी करता येतं. हे ॲडवेअर येतं कुठून, काढायचं कसं आणि मुळात येऊच द्यायचं नाही तर काय करायचं, एवढंच आज सांगणार आहे.

आधी ओळख पटवू. ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलतंच पान समोर येतं. गूगलवर शोधायला जावं तर उत्तरं दुसऱ्याच नावाच्या पानावर येतात. स्क्रीनच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी एक चौकोन वर येतो : कधी लॉटरी, कधी औषध, कधी बघवणार नाही असं चित्र. मशीन सुस्तावतं. इथे एक साधी पारख लक्षात ठेवा. जाहिराती एकाच संकेतस्थळावर दिसत असतील, तर त्या त्या संकेतस्थळाच्या आहेत. पण सातबारा पाहायचा असो, बँकेचं पान असो की बोटीचं तिकीट, सगळीकडे त्याच जाहिराती पाठलाग करत असतील, तर घर आपलंच तपासायला हवं.

संशय माणसांवर जातो

ॲडवेअर म्हणजे नुसता वैताग, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. चेंढऱ्यातल्या एका घरी मला बोलावलं होतं. वडील निवृत्त, मुलगा कॉलेजात. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, आणि त्यावर पाहुण्यांसमोर अश्लील जाहिराती उमटायच्या. वडिलांनी मनाशी निष्कर्ष काढला होता की पोरगं नको ते बघतंय. परीक्षा तोंडावर असताना महिनाभर त्याला कॉम्प्युटर बंद होता, आणि त्याहून वाईट म्हणजे घरातलं बोलणंही बंद होतं.

मी मशीनमधल्या प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावून दाखवली. जाहिराती सुरू झाल्या त्याच दिवशी फोटोची पीडीएफ करून देणारा एक फुकटचा प्रोग्राम आत आला होता, आणि त्याच्याबरोबर आणखी तीन. पेन्शनच्या कागदांसाठी तो वडिलांनीच घेतला होता. मुलगा त्या दिवशी घरात नव्हता. यात वडिलांचाही दोष नव्हता. त्यांनी हवी ती वस्तू घेतली आणि तिच्या पोटात दुसरं काहीतरी दडवून दिलं गेलं होतं. हे कळल्यावर त्यांनी मुलाला हाक मारून शेजारी बसवलं, आणि पुढची साफसफाई दोघांनी मिळून केली.

म्हणून पहिली विनंती ही, की घरच्या कॉम्प्युटरवर अशा जाहिराती दिसल्या, तर आधी यादी बघा, मग माणसाकडे बघा. अश्लील जाहिरात दिसते याचा अर्थ कुणी अश्लील काही पाहिलं असाच होतो असं नाही. जाहिरात पाठवणाऱ्याला तुमच्या घरात कोण राहतं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

फुकटात कोणाचा फायदा

फुकटचा प्रोग्राम वाटणाऱ्याचं पोट कशावर चालतं? त्याचं गणित सोपं आहे. दुसऱ्या एखाद्या कंपनीचा प्रोग्राम आपल्या पुडीत बांधून दिला, तर तो जितक्या मशीनवर चढेल तितक्यांचे पैसे त्याला मिळतात. पुढे त्या चढलेल्या प्रोग्रामनं तुमचं शोधण्याचं पान बदललं, की तुम्ही केलेल्या शोधावर आणि क्लिकवर दुसऱ्या कोणाला तरी कमिशन सुटतं. एका घरामागे मिळणारी रक्कम क्षुल्लक असते, पण घरं लाखांनी असतात.

किती, याचा अंदाज २०१७ मध्ये आला. चेक पॉइंट या इस्रायली सुरक्षा कंपनीनं त्या वर्षीच्या जून महिन्यात 'फायरबॉल' नावाच्या ॲडवेअरचा अहवाल जाहीर केला. बीजिंगची रॅफोटेक ही जाहिरात कंपनी ते पसरवत होती. चित्रं पाहण्याचा प्रोग्राम, वायफायचा प्रोग्राम अशा फुकट वस्तूंबरोबर ते यायचं, ब्राउझरचं पहिलं पान आणि शोधयंत्र बदलायचं. चेक पॉइंटच्या अंदाजानं जगभरातले २५ कोटी कॉम्प्युटर त्याच्या कह्यात होते आणि त्यांत भारताचा क्रमांक पहिला, २ कोटी ५३ लाख. मायक्रोसॉफ्टनं हा अंदाज फार फुगवलेला असल्याचं म्हटलं. आकडा लहान धरला तरी मुद्दा उरतोच : हे ॲडवेअर पाठवणारा वाटेल तो दुसरा प्रोग्रामही त्या मशीनवर उतरवू शकत होता. आज जाहिरात, उद्या पासवर्ड चोरणारा. दार एकदा उघडं राहिलं की आत कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही.

आणि ही गोष्ट फक्त अनोळखी कंपन्यांचीच नाही. जावा हा प्रोग्राम चढवताना 'आस्क टूलबार' सोबत देण्याची पद्धत कित्येक वर्षं चालू होती. आधीच टिचकी मारून ठेवलेला चौकोन आपण रिकामा केला नाही, तर तो टूलबार येऊन बसायचा. लेनोवोनं २०१४ च्या अखेरीस विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश'चं जाहिरातींचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच घातलेलं होतं. ते बँकेच्या सुरक्षित पानांमध्येही डोकावू शकत होतं. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याचा बोभाटा झाला.

काढायचं कसं : तीन घरटी

लोक मला म्हणतात, "काढलं होतं, पण परत आलं." कारण ॲडवेअर एका जागी राहत नाही. त्याची साधारण तीन घरटी असतात, आणि एक जरी शिल्लक राहिलं तरी ते पुन्हा उगवतं. म्हणून तिन्ही एका बैठकीत साफ करायची. सुरू करण्याआधी महत्त्वाचे फोटो आणि कागद पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. सफाई चालू असताना बँकेचं कुठलंही काम करू नका.

पहिलं घरटं म्हणजे नोटिफिकेशन. कोपऱ्यात वर येणारे चौकोन पुष्कळदा सॉफ्टवेअरचे नसतातच. एखाद्या पानानं कधीतरी सांगितलेलं असतं, "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा." आपण दाबतो, आणि त्या पानाला आपल्या स्क्रीनवर केव्हाही निरोप टाकण्याचा परवाना मिळतो. क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमध्ये जा, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स'. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. ओळखीचं नसेल ते काढून टाका. एज आणि फायरफॉक्समध्येही अशीच यादी असते. कित्येक घरांत एवढ्यावरच काम भागतं.

दुसरं घरटं विंडोजमध्ये. सेटिंग्ज उघडा, 'ॲप्स' निवडा आणि तिथली यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय आलं ते बघा. ज्यांची नावं आपण कधी ऐकली नाहीत, 'कूपन', 'सर्च', 'ऑप्टिमायझर', 'ड्रायव्हर अपडेटर' अशा थाटाची, ती संशयाची. मात्र प्रिंटरचे, आवाजाचे, स्क्रीनचे प्रोग्रामही याच यादीत असतात. खात्री नसेल तर नाव कागदावर लिहून घ्या आणि माहितगाराला विचारा. काढायचा तो प्रोग्राम 'अनइन्स्टॉल' करताना पुढे येणारा प्रत्येक प्रश्न वाचा. काही चलाख प्रोग्राम तिथंही 'ठेवू का?' असा उलटा प्रश्न घालून 'हो' म्हणवून घेतात.

तिसरं घरटं ब्राउझरमध्ये. तिथं 'एक्स्टेन्शन्स' नावाचे छोटे जोडप्रोग्राम असतात. आपण स्वतः घेतलेले नाहीत ते सगळे काढा. मग पहिलं पान आणि शोधयंत्र आपल्या पसंतीचं आहे ना ते पाहा. गोंधळ जास्त वाटला तर सेटिंग्जमध्ये 'रिसेट' आहे. त्यानं जोडप्रोग्राम बंद होतात आणि ब्राउझर मूळ अवस्थेत येतो. जपून ठेवलेले पत्ते आणि पासवर्ड मात्र जात नाहीत. शेवटी डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर माऊसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'टार्गेट' या ओळीत प्रोग्रामच्या नावापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला दिसला, तर तेवढा पत्ता खोडा. पान पुन्हा पुन्हा बदलण्याचं रहस्य कधी कधी एवढंच असतं.

तिन्ही झाल्यावर मशीन एकदा बंद करून सुरू करा आणि मग तपासणी लावा. विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो, वेगळा पैसा लागत नाही. 'विंडोज सिक्युरिटी', 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स' या वाटेनं 'फुल स्कॅन' लावून जेवायला बसा. त्यानंही काही अडून राहिलं, तर तिथंच 'ऑफलाइन स्कॅन' आहे. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपलेल्याला हालचाल करता येत नाही. खास ॲडवेअरसाठी मालवेअरबाइट्स कंपनीचा ॲडडब्ल्यूक्लीनर हा फुकट प्रोग्राम चांगला आहे, पण तो त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही फुकट सफाईची साधनं मिळतात; हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. सगळं स्वच्छ झालं की ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड बदला. हे काम शेवटी करायचं. आधी बदलले तर नवे पासवर्डही त्याच चोराच्या नजरेखालून जातील.

लाल पडदा आणि फोन नंबर

आता सगळ्यात धोक्याची जाहिरात. अचानक पूर्ण स्क्रीन लाल किंवा निळी होते, भोंगा वाजतो, आणि लिहिलेलं असतं : "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे. बंद करू नका. या नंबरवर ताबडतोब फोन करा." नागावला घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका ताईंच्या कॉम्प्युटरवर ऐन मे महिन्यात हा पडदा आला. सगळी बुकिंगं त्याच मशीनमध्ये. त्या घाबरल्या आणि फोन केला. पलीकडच्या माणसानं अदबीनं बोलून दुरून मशीन हाताळता येईल असा प्रोग्राम त्यांच्याकडूनच चढवून घेतला, मग "सुरक्षेची फी" मागितली. फी भरायला त्यांनी बँकेचं पान उघडलं, तेव्हा तो सगळं पाहतच होता. हंगामाची आगाऊ रक्कम गेली.

कॉम्प्युटरला काही झालेलं नव्हतं, हे यातलं खरं दुःख. तो पडदा म्हणजे एक साधं वेब पान होतं. मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलेलं आहे की त्यांच्या धोक्याच्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. त्यामुळे नंबर दिसला की सूचना खोटी, एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. असा पडदा आला तर आल्ट आणि एफ ४ ही बटणं एकदम दाबा. नाही गेला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. तेही जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा. पुन्हा उघडल्यावर 'मागची पानं परत आणू का?' असं विचारलं, तर नको म्हणा.

आणि फोन झालाच असेल, तर लाजू नका. आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. चार दिवस कुणाला न सांगता बसलेल्या माणसाचं नुकसान सगळ्यात मोठं होतं.

लोखंड आतच येऊ द्यायचं नाही

आपल्या अलिबागेत भूचुंबकीय वेधशाळा आहे. हे काम आधी मुंबईत कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते अलिबागला आणलं गेलं. उपकरणांत बिघाड नव्हता, भोवतालची गडबड त्यांत मिसळणार होती. आणि इथली वेधशाळा बांधतानाच चुंबकानं ओढलं जाणारं सामान वापरायचं नाही अशी काळजी घेतली गेली. घरच्या कॉम्प्युटरचंही तसंच आहे. आत आलेलं शोधून काढण्यापेक्षा ते आत न येऊ देणं स्वस्त पडतं.

त्यासाठी मोठं ज्ञान लागत नाही, पाच सवयी पुरतात.

पहिली, प्रोग्राम बनवणाऱ्याच्याच दारातून घ्या. प्रिंटरचा ड्रायव्हर प्रिंटरच्या कंपनीकडून, व्हीएलसी प्लेअर व्हिडिओलॅनच्या संकेतस्थळावरून. शोधयंत्रात सर्वांत वर येणारं उत्तर पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, तिथं 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं असतं. ते ओलांडून खाली या. डाऊनलोडच्या मोठ्या दुकानांवरही आंधळा विश्वास नको. सोर्सफोर्ज हे एके काळी फार नावाजलेलं संकेतस्थळ, पण २०१५ मध्ये त्यानं गिंप या चित्रांच्या प्रोग्रामबरोबर जाहिरातींचं सामान बांधून दिल्यावर मोठा गदारोळ झाला. पुढे मालक बदलले आणि नव्या मालकांनी २०१६ मध्ये ती पद्धत बंद केली.

दुसरी, 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाऊ नका. चढवताना 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' निवडा आणि आधीच टिचकी मारलेले चौकोन रिकामे करा. 'डिक्लाइन' हे बटण मुद्दाम फिकट रंगात असतं, ते शोधा.

तिसरी, विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' उघडून 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' चालू करा. नकोशा प्रोग्रामांना अडवणारी सोय तिथंच आहे, आणि ती चालू आहे की नाही हे बघायला एक मिनिट लागतं.

चौथी, घरातल्या रोजच्या वापरासाठी 'स्टँडर्ड' प्रकारचं खातं बनवा. नवा प्रोग्राम सगळ्या मशीनवर चढवायचा झाला की विंडोज मुख्य खात्याचा पासवर्ड विचारेल. त्या एका थांब्यावर पुष्कळ गोष्टी अडतात. हे मुलांसाठी जितकं खरं, तितकंच थोरांसाठीही.

पाचवी, विंडोज आणि ब्राउझर यांचे अपडेट अडवू नका. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्याकडे अजून तीच आहे, त्यांनी ११ वर जाता येतं का ते विचारून घ्यावं. आणि चोरीचं ऑफिस, चोरीचे फोटोचे प्रोग्राम, ते चालू करणारे 'क्रॅक' यांच्यापासून लांब राहा. ते चढवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

कायदा काय म्हणतो

मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये घातक प्रोग्राम घालणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि ते लबाडीनं केलं असेल तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. याशिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्या दिलेल्या आहेत. बातमीच्या किंवा मजकुराच्या वेषातली जाहिरात त्यांत आहे, आणि व्हायरसची खोटी भीती घालून सफाईचं खोटं साधन गळ्यात मारणंही आहे. ग्राहक म्हणून तक्रार करायची असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रारीआधी स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा, पुरावा म्हणून तो कामी येतो.

थोडक्यात सांगायचं तर असं : नोटिफिकेशन, विंडोजची यादी आणि ब्राउझर ही तीन घरटी एका बैठकीत साफ करा, मग तपासणी, मग पासवर्ड. स्क्रीनवर दिसलेल्या नंबरावर फोन कधीच नाही. आणि आज भाषण संपल्यावर घरातल्या सगळ्यांना कॉम्प्युटरभोवती बसवून ती प्रोग्रामांची यादी एकदा एकत्र वाचा. हे कोणी घातलं, असं विचारू नका. हे आपल्याला लागतं का, एवढंच विचारा, आणि लागत नसेल ते काढून टाका.